फोन बदलताना : नावांच्या वहीची रुजुवात



पंचवटीत, रामकुंडाच्या आसपास ज्यांचे लहानपण गेले, त्यांना तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांविषयी निराळे सांगण्याची गरज नाही. परगावचा यात्रेकरू येतो, उपाध्याय त्याला आडनाव आणि मूळ गाव विचारतात, आणि मग कपाटातून एखादी जुनी वही निघते. तिच्यात त्या यात्रेकरूच्या आजोबा-पणजोबांची नावे असतात, ते केव्हा आले, बरोबर कोण होते याच्या नोंदी असतात, पुष्कळदा त्यांच्या हातची सहीही असते. ज्याने पणजोबांचे छायाचित्रसुद्धा कधी पाहिले नाही असा एक गृहस्थ तशा मोडी सहीवरून हलकेच बोट फिरवताना मी पाहिला आहे.

या वह्यांच्या कामाची एक बाजू मात्र यात्रेकरूच्या नजरेस पडत नाही. कागद जीर्ण होतो, त्याला कसर लागते, गोदावरीच्या पुराची धास्ती तर दर पावसाळ्याची. तेव्हा जुन्या वहीवरून नवी वही उतरवून काढावी लागते. उतरवून काढण्यात हात चालवण्याचे काम थोडे आणि ताडून पाहण्याचे काम फार. जुन्या दफ्तरी भाषेत या ताडून पाहण्याला ‘रुजुवात’ म्हणत. मूळ आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवायची, एकाने वाचायचे, दुसऱ्याने बोट ठेवायचे. आणि रुजुवात पुरी झाल्याखेरीज मूळ प्रत हातची सोडायची नाही.

आजचा माझा विषय हा याच कामाचा नवा अवतार आहे. जुना मोबाइल फोन बाजूला ठेवून नवा घेताना त्यातली माणसांची नावे, नंबर, निरोप, छायाचित्रे सुखरूप कशी न्यावीत, एवढेच मला सांगायचे आहे. विषय ऐकून आमचे एक स्नेही म्हणाले, “अहो, हे काम तर दुकानातला पोरगा पाच मिनिटांत करतो. त्यावर व्याख्यान कसले?” त्यांचे म्हणणे एका परीने खरे आहे. परंतु त्या पाच मिनिटांत काय होते आणि काय राहून जाते हे ठाऊक नसल्यामुळे आमच्याच घरी जे घडले, ते आधी सांगतो.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारेच आक्का म्हणतो, ती निफाड तालुक्यात दिलेली आहे. घरची द्राक्षबाग आहे, आणि मेहुणे गेल्यापासून बागेचा सारा कारभार तीच पाहते. तिच्याजवळ बटणांचा एक साधा फोन होता. बटणांवरचे आकडे झिजून पुसट झाले होते, तरी तिचा अंगठा नेमका हव्या त्या बटणावर पडे. भाच्याने हौसेने तिला नवा स्मार्टफोन घेऊन दिला. दुकानदाराने जुन्यातले सिमकार्ड काढून नव्यात घातले, नावे दिसू लागली, जुना फोन किरकोळ किमतीत तिथेच जमा झाला आणि मंडळी घरी आली. ही गोष्ट श्रावणातली. पुढे सप्टेंबर सरता सरता गोडी छाटणीचे दिवस आले, आणि आक्का पेठ तालुक्यातल्या मुकादमाचा नंबर शोधू लागली. तो नव्हता. औषधवाल्याचा होता, थोरल्या जावेचा होता, मुकादमाचा नव्हता. जुन्या फोनात तीनशेच्या वर नावे होती असे ती सांगे; नव्यात मोजली तर एक्याऐंशी भरली.

द्राक्षाची छाटणी हे दिवस धरून करायचे काम आहे. आठ दिवस मागेपुढे झाले तरी पुढचा माल आणि त्याला मिळणारा भाव, दोन्ही हलतात. मुकादम स्वतःच फोन करील म्हणून दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी भाचा मोटारसायकल काढून पेठच्या बाजूला पाड्यापाड्यांवर त्या माणसाचा तपास करत हिंडला. माणूस सापडला, पण ‘आक्कांचा फोन आला नाही’ म्हणून त्याने दिंडोरीकडच्या एका बागाईतदाराला टोळीचा शब्द देऊन टाकला होता.

यात दुकानदाराने काही लबाडी केली असे मी म्हणत नाही. त्याने सिमकार्ड हलवले आणि सिमकार्डावर जे होते ते आले. खोट होती ती आपणा सर्वांच्या एका समजुतीत. ‘माझे नंबर फोनात आहेत’ असे आपण सहज म्हणून जातो. हे म्हणणे ‘माझे पैसे घरात आहेत’ या म्हणण्याइतकेच मोघम आहे. घरात म्हणजे कुठे? कपाटात, की तांदळाच्या डब्यात, की ते मुळात बँकेत असून घरात नुसते पासबुक आहे? घर बदलताना हा प्रश्न प्रत्येक गृहिणी विचारते. फोन बदलताना तो कोणी विचारत नाही.

नावे राहण्याच्या जागा तीन आहेत. पहिली जागा सिमकार्ड. व्यवहारातले पहिले सिमकार्ड १९९१ साली जर्मनीतल्या म्युनिक शहरच्या एका कंपनीने फिनलंडमधल्या दूरध्वनी-संस्थेसाठी तयार केले. आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीला सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलले आणि ही विद्या इथे सुरू झाली. सिमकार्डाचे मुख्य काम नावे साठवण्याचे नाहीच. हा ग्राहक कोण, हे मोबाइल कंपनीच्या यंत्रणेला पटवून देणे हे त्याचे काम. नावांना थोडी जागा दिली ती सोय म्हणून. सामान्यतः अडीचशेच्या आसपास नावे त्यावर मावतात. एका नावापुढे बहुधा एकच नंबर. पत्ता, जन्मतारीख, छायाचित्र यांना तेथे थारा नाही. नावाची लांबीही मोजकी, म्हणून ‘ज्ञानेश्वर ट्रॅक्टर दुरुस्ती ओझर’ असे लिहिलेले सिमवर नेले की शेपूट तुटते. मराठीत लिहिणाऱ्यांना हा जाच जरा अधिक. आपण ‘श्री’ हे एक अक्षर समजतो. यंत्राच्या हिशेबी त्यात श, हलन्त, र आणि वेलांटी अशी चार चिन्हे आहेत. मग नाव अपेक्षेपेक्षा लवकर तुटले तर नवल नाही.

दुसरी जागा म्हणजे खुद्द फोनाची स्मृती. पूर्वी घरातल्या दूरध्वनीशेजारी भिंतीवर पेन्सिलीने नंबर लिहून ठेवण्याची चाल होती. डॉक्टर, दूधवाला, गॅस, सासुरवाडी, सारे त्या भिंतीवर. घर बदलले की टेबल येते, खुर्ची येते, भिंत मागेच राहते. फोनाच्या स्मृतीतली नावे या भिंतीवरच्या नावांसारखी असतात. आक्काची दोनशेहून अधिक माणसे अशी भिंतीवर राहून गेली.

तिसरी जागा सर्वांत अलीकडची, आणि ती नीट समजली की बाकीचे पुष्कळ सोपे होते. अँड्रॉइड फोन असेल तर गूगलचे खाते आणि आयफोन असेल तर ॲपलचे आयक्लाउड खाते, ही ती जागा. येथे मूळ वही दूरच्या संगणकांवर असते आणि आपल्या फोनात दिसते ती तिची नक्कल. ही रचना थेट आपल्या उपाध्यायांच्या वहीसारखी आहे. यात्रेकरू नामावळी बरोबर घेऊन हिंडत नाही. तो येऊन आडनाव आणि गाव सांगतो आणि पान उघडते. तसेच खात्याचे नाव आणि पासवर्ड सांगितला की कोणत्याही नव्या फोनात वही उघडते. फरक एवढाच की, यात्रेकरूने गाव चुकून सांगितले तरी उपाध्याय चार प्रश्न विचारून त्याला वाटेवर आणतील. यंत्राला पासवर्डच हवा. आणि पुष्कळदा नव्या फोनात खाते उघडताना ‘हे खरोखर तुम्हीच ना?’ अशी विचारणा जुन्या फोनवर येते. तो जर आधीच दुकानात देऊन टाकला असेल, तर साक्षीदाराला गावाबाहेर पाठवून मग खटला उभा केल्यासारखे होते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण ती घरोघर घडते आहे. वडिलांना फोन घेऊन दिला जातो. त्यांचे खाते नसते, किंवा पासवर्ड आठवत नसतो. मुलगा घाईत असतो. तो आपलेच खाते त्यात घालून देतो. त्या क्षणापासून दोघांच्या नावांची वही एक होते. वडिलांच्या फोनात मुलाच्या कचेरीतली माणसे दिसू लागतात, आणि मुलाच्या फोनात वडिलांच्या भजनी मंडळाची. पुढे मुलगा वैतागून ‘ही कोण मंडळी?’ म्हणत एकेक नाव काढून टाकतो, आणि तिकडे वडिलांचे भजनी मंडळ बसल्या जागी नाहीसे होते. म्हातारपणी स्वतःचे खाते काढणे अवघड वाटते खरे. पण निराळे खाते काढून त्याचा पासवर्ड कागदावर लिहून, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवणे हे त्या मानाने फार हलके काम आहे.

हाच धोका फोन बदलताना दुसऱ्या रूपाने येतो. नव्या फोनात नावे आली, समाधान झाले. आता जुना फोन विकायचा, परक्याच्या हाती आपली माणसे पडू नयेत, म्हणून एखादा सावध गृहस्थ जुन्या फोनातली नावे एकामागून एक पुसू लागतो. अर्ध्या तासाने नवा फोन पाहतो तो तिथलीही गेलेली! कारण फोन दोन असले तरी वही एक होती. अशा वेळी घाबरून जाऊ नये. गूगलच्या वहीतून पुसलेली नावे तीस दिवसांपर्यंत तिच्या कचरापेटीत राहतात आणि तेथून परत काढता येतात. तीस दिवस उलटले तर मात्र उपाय राहत नाही. जुना फोन स्वच्छ करण्याची रीत निराळी आहे. ती पुढे येईल.

आता प्रत्यक्ष कृती. पहिले काम जुन्या फोनातच करायचे असते, आणि तेच बहुतेक जण टाळतात. नावांच्या यादीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कोणती नावे सिमवर, कोणती फोनात आणि कोणती खात्यात आहेत हे पाहावे. नवे नाव लिहिताना फोन आपल्याला ‘कुठे जतन करू?’ असे विचारतो. आपण त्या वेळी घाईत काहीतरी दाबलेले असते आणि त्याचा हिशेब आता द्यायचा असतो. सिमवरची नावे ‘इम्पोर्ट’ करून खात्यात आणावीत, फोनातली नावेही खात्यात हलवावीत. सारी माणसे एका मांडवाखाली आली की एकूण किती झाली तो आकडा कागदावर लिहून ठेवावा. हा आकडा पुढे फार उपयोगी पडतो.

त्यानंतर, खाते आहे म्हणून निर्धास्त न राहता, एक स्वतंत्र प्रत काढावी. ‘एक्स्पोर्ट’ म्हटले की साऱ्या नावांची एक छोटी फाइल तयार होते. तिच्या नावाच्या शेवटी व्ही-सी-एफ ही अक्षरे असतात. या पद्धतीची आखणी १९९५-९६ च्या सुमारास ॲपल, आयबीएम, एटीअँडटी आणि सीमेन्स या कंपन्यांनी मिळून केली. एरवी एकमेकींशी चुरस करणाऱ्या कंपन्यांनी माणसाचे नाव-पत्ता लिहिण्याची एक सामाईक रीत मान्य केली, ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. त्यामुळेच आजही कोणत्याही कंपनीच्या फोनातली ही फाइल दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या फोनात उघडते. ती स्वतःलाच ई-मेलने पाठवावी, किंवा घरच्या संगणकावर ठेवावी. ती साधा मजकूरच असते. प्रत्येक माणसाची नोंद कुठे सुरू झाली आणि कुठे संपली याच्या खुणा तीत लिहिलेल्या असतात.

कोणी उत्सुकतेने ही फाइल संगणकावर उघडून पाहिली आणि मराठी नावांच्या जागी बरोबरीची चिन्हे, आणि ‘ई-शून्य, ए-चार’ अशी अक्षरे-आकडे पुन्हा पुन्हा आलेले दिसले, तर नावे बिघडली असे समजू नये. जुन्या धाटणीच्या व्ही-सी-एफ फाइलीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन जोड्यांनी लिहिले जाते आणि पहिली जोडी सर्वांची एकच असते, म्हणून ती रांग तशी दिसते. नामावळीतली मोडी नोंद आजच्या नातवाला वाचता येत नाही म्हणून ती नोंद खोटी ठरत नाही, वाचणारा हवा. नवा फोन ही लिपी बिनचूक वाचतो.

बटणांच्या साध्या फोनाचे काय, असा प्रश्न आक्काच्या निमित्ताने येईलच. त्यातही बहुधा दोन वाटा असतात. फोनातली नावे सिमवर उतरवण्याची सोय असते, आणि सिमवर मावतील तेवढी तरी त्या वाटेने येतात. नाहीतर ब्लूटूथने एकेक नाव, काही फोनांत सारी नावे एकदम, नव्या फोनाकडे पाठवता येतात. (ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाच्या टोपणनावावरून घेतलेले आहे, त्याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या म्हणे.) दोन्ही वाटा बंद असतील तर वही-पेन्सिल घेऊन बसावे. तीनशे नावे उतरवायला एक दुपार पुरते. पेठच्या पाड्यांवर हिंडायला भाच्याचे दोन दिवस गेले.

नवा फोन सुरू करताना तो स्वतःच विचारतो की, जुन्या फोनातून माहिती आणायची आहे काय. येथे ‘नंतर पाहू’ म्हणू नये. दोन्ही फोन शेजारी ठेवून, दोन्हींना वीज जोडून, घरच्या वायफायवर किंवा केबल लावून हे काम शांतपणे करावे. अँड्रॉइडमधून आयफोनकडे जाणाऱ्यांसाठी ॲपलचे ‘मूव्ह टू आयओएस’ नावाचे ॲप आहे. ते आयफोन प्रथम सुरू करतानाच वापरण्याचे आहे हे ध्यानात ठेवावे. आयफोन सिमवरची नावे वाचून घेतो, पण आपली नावे सिमवर लिहीत नाही. तेव्हा तिकडून परत यायचे झाल्यास सिमचा भरवसा धरून चालणार नाही. छायाचित्रांना वेळ लागतो, बाकी त्यांत अडचण अशी थोडीच. जुन्या फोनात वेगळे मेमरी कार्ड असेल तर ते काढून घ्यायला विसरू नये.

आणि मग रुजुवात. आकडा कागदावर लिहिलेला आहेच. नव्या फोनात तेवढी नावे भरतात का ते पाहावे. जास्त भरली तर बहुधा एकेक माणूस दोनदा आला आहे, एकदा सिममधून आणि एकदा खात्यातून. त्यांना एकत्र करण्याची सोय फोनात असते. कमी भरली तर थांबावे. आकडा जुळला तरी पाच-सात नावे उघडून पाहावीत : यादीतले पहिले, शेवटचे, एक देवनागरीतले, एक लांबलचक, एक दोन नंबरांचे, एक जन्मतारखेसह लिहिलेले. नंबर पुढे ‘+९१’ लावून लिहिलेले असले तर परदेशी गेलेल्या मुलाच्या फोनातही ते तसेच चालतात. घरगुती दूरध्वनीचा नंबर असेल तर त्यात आपल्या नाशिकचा २५३ घातलेला आहे ना, हेही याच वेळी पाहावे. घरच्या दूरध्वनीवरून मोबाइल लावताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावावा लागतो. मोबाइलवरून तशी गरज नाही. हे शून्याचे प्रकरण ज्येष्ठांना अजून गोंधळात टाकते.

व्हॉट्सॲपची गोष्ट स्वतंत्र सांगितली पाहिजे. लोकांना वाटते की निरोप कंपनीकडे कुठेतरी जपून ठेवलेले असणार. तसे नाही. निरोप पोचला की तो कंपनीच्या संगणकावर राहत नाही. तो आपल्या फोनात राहतो. म्हणजे ही पुन्हा भिंतच. ती भिंत उतरवून ठेवण्यासाठी ‘बॅकअप’ घ्यावा लागतो. अँड्रॉइडमध्ये तो गूगलच्या खात्यात जातो, आयफोनमध्ये आयक्लाउडमध्ये, आणि एकाचा बॅकअप दुसऱ्याला वाचता येत नाही. गूगल मोफत देते ती १५ गिगाबाइटची जागा. पूर्वी व्हॉट्सॲपचा बॅकअप तीत मोजला जात नसे, २०२३ च्या अखेरीपासून तो मोजला जाऊ लागला. जागा भरली की बॅकअप थांबतो आणि सूचना आलेली कोणी वाचत नाही. म्हणून फोन बदलण्याच्या दिवशी सेटिंग्जमध्ये जाऊन शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे हे डोळ्यांनी पाहावे. २०२३ पासून एकाच जातीच्या दोन फोनांमध्ये क्यूआर चौकट दाखवून निरोप थेट नेण्याची सोयही झाली आहे. जुना फोन हाताशी असेल तर ही वाट उत्तम. बॅकअपला स्वतंत्र कुलूप घालण्याची सोय २०२१ मध्ये आली. पण त्याची किल्ली आपण हरवली तर कंपनीलाही ते उघडता येत नाही.

नव्या फोनात व्हॉट्सॲप प्रथम उघडताना ‘जुने निरोप परत आणू का?’ असे विचारले जाते. तेथे घाईने ‘नको’ म्हटले, तर फोन रिकाम्या पाटीने सुरू होतो; आणि पुढे बॅकअपची वेळ आली की ती रिकामी पाटीच जुन्याच्या जागी जाऊन बसू शकते. आमच्या ओळखीच्या एका बाईंचे असेच झाले. मुलगी बाळंतपणाला परदेशी असताना रोज आवाजात निरोप पाठवी. नातीचे पहिले रडणेही त्यात होते. नावे आली, छायाचित्रे आली, आवाज गेले. हे नुकसान भरून काढायला मोटारसायकल घेऊन कोणत्या गावी जायचे?

बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपांविषयी थोडक्यात सांगतो. पैसे फोनात नसतातच; ते बँकेत असतात. नव्या फोनात ॲप नव्याने घ्यावे लागते, आणि ते आपल्या सिमवरून एक संदेश पाठवून नंबराची खात्री करते. तेव्हा सिम त्याच फोनात असले पाहिजे. ‘मी करून देतो’ म्हणणाऱ्याला पिन सांगू नये, मग तो कितीही ओळखीचा असो. आणखी एक घोटाळा काढून टाकतो. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून झाली. तिच्यात नंबर हलतो, नावे नव्हेत. नव्या कंपनीचे नवे सिमकार्ड येते आणि ते कोरे असते. जुन्या सिमवर जी नावे होती ती त्याच्यावरच राहतात.

जुना फोन देऊन टाकण्यापूर्वी निदान पंधरा दिवस घरात ठेवावा. काय राहून गेले ते पहिल्या दिवशी कळत नाही; आक्काला दोन महिन्यांनी कळले. त्यानंतर त्यातले खाते सेटिंग्जमध्ये जाऊन काढावे, आणि मग ‘फॅक्टरी रिसेट’ करावा. एकेक नाव पुसत बसू नये. क्रम उलटा केला, म्हणजे खाते न काढताच पुसापुशी केली, तर चोरी थांबवण्यासाठी बसवलेले कुलूप आड येते. आयफोनमध्ये ते २०१३ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून आहे. फोन नव्या मालकाकडे आपला जुना पासवर्ड मागत राहतो आणि तो मालक आपल्याकडे येतो.

हे सर्व फोन हाती आहे असे धरून झाले. हरवलेल्या फोनाची रुजुवात करता येत नाही, कारण मूळ प्रतच नाही. आपल्या गावी सिंहस्थाची गर्दी होते तेव्हा घाटावर काय काय हरवते हे नाशिककरांना सांगायला नको. ‘*#०६#’ हे बटणांवर दाबले की फोनाचा पंधरा आकडी क्रमांक दिसतो. तो आजच लिहून ठेवावा. फोन हरवला तर केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या २०२३ साली सुरू झालेल्या व्यवस्थेत तो क्रमांक देऊन फोन बंद पाडता येतो. नावे मात्र खात्यात किंवा त्या व्ही-सी-एफ फाइलीत आधी उतरवलेली असतील तरच परत येतात.

आक्काची हकीकत अर्धी राहिली. त्या वर्षी छाटणी नऊ दिवस उशिरा झाली, दुसऱ्या टोळीने केली. फोन येत गेले तसतशी माणसे पुन्हा लिहिली गेली. गेल्या दिवाळीत भाच्याने तिच्या नावाचे खाते काढले आणि आम्ही तिघे ओट्यावर रुजुवातीला बसलो. आक्काने चाळीस पानी वही धरली होती, भाचा फोनातून नाव वाचे, ती वहीत बोट ठेवून ‘आहे’ म्हणे. तीन राजू निघाले. ते ‘राजू ट्रॅक्टर’, ‘राजू औषध’ आणि ‘राजू पुण्याचा’ असे वेगळे केले. मुकादमाचा नंबर दोन ठिकाणी लिहिला. एक नाव निघाले ‘बाबा सिन्नर’. हे कोण, ते तिला आठवेना, भाच्याला आठवेना, मला तर ठाऊकच नव्हते. भाचा म्हणाला, “काढून टाकू का?” आक्का म्हणाली, “नको, राहू दे. छाटणीच्या दिवसांत फोन आला की कळेल कोण आहे ते.”